पावसाळ्यात ड्राइंग बेड बंद, गाळ तुंबलाय: ट्रेलरवरचं सेंट्रिफ्यूज भाड्यानं घ्यावं का?

एसटीपी_चिक्कोडी
निपाणी-चिक्कोडी पट्ट्यातला 4 एमएलडीचा (रोज 40 लाख लिटर) सांडपाणी शुद्धीकरण प्लांट आहे, येणारं सांडपाणी साडेपाच. एअरेशन टाक्या दोन्ही मिळून 3000 घनमीटर. मृग लागल्यापासून गाळ सुकवायचे ड्राइंग बेड वाळेनात, म्हणून स्लज (गाळ) काढणं बंद. एमएलएसएस (एअरेशन टाकीतल्या गाळाचं प्रमाण) लिटरला 7000 मिलिग्रॅमवर गेलंय. लिटरच्या सिलिंडरमध्ये अर्ध्या तासानंतरही गाळ 900 मिलीवर असतो आणि दुपारच्या लोडला क्लॅरिफायरच्या (गाळ खाली बसवायच्या टाकीच्या) काठावरून वाहतो. एक ठेकेदार ताशी 10 घनमीटरचं मोबाइल सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून गाळातलं पाणी वेगळं करणारं मशीन) देतोय, रोज 12 तास चालवून "आठ-नऊ दिवसांत मोकळं" म्हणतो. हिशेब बरोबर आहे का? दर घनमीटरवर आहे.

गाळमोज्या
हिशेब अर्धाच केलाय त्यानं. 7000 वरून 3500 वर यायचं तर घनमीटरला साडेतीन किलो गुणिले 3000, म्हणजे साडेदहा टन कोरडा गाळ काढायचा. रिटर्न स्लज (क्लॅरिफायरच्या तळातून टाकीत परत जाणारा गाळ) 1 टक्का धरला तर 1050 घनमीटर, भागिले रोजचे 120, आले नऊ दिवस. इथंच थांबलाय तो.

पण रोजचा नवा गाळ? बीओडी (सांडपाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) लिटरला 200 मिलिग्रॅम धरा, साडेपाच एमएलडीला 1100 किलो, त्यातून रोज साधारण 750 किलो गाळ तयार होणारच. मशीन दिवसाला 1200 किलो ओढणार, त्यातले 5 टक्के सेंट्रेटमधून (मशीनमधून निघणाऱ्या पाण्यातून) परत इनलेटला. उरले 1140. त्यातून 750 वजा, म्हणजे साठा रोज 390 किलोनंच उतरतो. सत्तावीस दिवस लागतात बघा. पाळी 12 ऐवजी 20 तासांची केली तर नऊ-दहा दिवसांवर येईल, पण मग पॉलिमर (गाळाचे गोळे बांधणारं रसायन), डिझेल, ट्रॉल्या सगळं त्याच पटीत. शिवाय इतक्या वेगानं उपसताना अमोनिया रोज तपासा, नायट्रीफिकेशनचे (अमोनिया संपवणारे) जिवाणू हळू वाढतात.

आणि स्लज रिटर्न लाइनवरूनच घ्या. एअरेशन टाकीतून 0.7 टक्क्यांचा घेतलात तर तेवढ्याच मशीनमधून गाळ तीस टक्के कमी निघेल.

पॉली_मास्तर
वरचा हिशेब पॉलिमर बसला तरच खरा. जैविक गाळाला कॅटायनिक पावडर लागते, कोरड्या टनामागं 5 ते 8 किलो. मशीन यायच्या आधी बीकरमध्ये बघून घ्या: 500 मिली स्लज (1 टक्का असेल तर 5 ग्रॅम कोरडा), 0.2 टक्के द्रावण 15 मिली म्हणजे 6 किलोचा डोस. दोन बीकरमध्ये दहा वेळा इकडून तिकडं ओता. फ्लॉक (गाळाचे गोळे) तुटून पीठ झालं तर ते पॉलिमर सेंट्रिफ्यूजला चालणार नाही, बाऊलमध्ये (मशीनच्या फिरत्या भांड्यात) त्याहून जास्त मार बसतो.

पावडर एकदम ओतायची नाही. ढवळत्या पाण्याच्या भोवऱ्यात भुरभुरत सोडा, नंतर 45 ते 60 मिनिटं सावकाश ढवळा. माशाच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या दिसल्या तर तेवढं पॉलिमर वाया, वर डोसिंग पंप चोंदतो. क्लोरीन मारलेलं पाणी वापरू नका, साखळ्या तुटतात. पावसात उघडी राहिलेली पोती दगड होतात. सांडलं तर पाणी मारू नका, घसरगुंडी होते. वाळू टाकून खरवडा.

सेंट्रेट काळं येत असेल तर लगेच डोस वाढवायची घाई नको. आधी फीड (मशीनमध्ये जाणारा गाळ) कमी करून बघा. डिफरन्शियल स्पीड (बाऊल आणि आतल्या स्क्रूच्या वेगातला फरक) कमी केला की केक (मशीनमधून निघणारा घट्ट गाळ) कोरडा होतो, पण टॉर्क चढतो आणि मर्यादेपलीकडं गाळ सेंट्रेटमधून निसटतो.

माझं मत विचाराल तर कायमस्वरूपी स्क्रू प्रेस बरा, वीज फार कमी खातो. पण साठलेला ढीग उपसायला तो पुरत नाही, तिथं सेंट्रिफ्यूजच.

एसटीपी_चिक्कोडी
धन्यवाद. हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाइन पावसात जाते-येते. आणि केकचं काय करायचं?

खानापूर_साइट
लाइन गेली की बाऊल बराच वेळ फिरत राहतो, तेवढ्यात फीड बंद झालाच पाहिजे. आतला केक धुतल्याशिवाय पुन्हा चालू केलंत तर तो एका बाजूला घट्ट बसतो, मशीन थरथरतं, बेअरिंग जातं. म्हणून जनरेटर ठेवाच, साधारण 62.5 केव्हीए, ठेकेदाराच्या मोटारींशी ताडून. फीडच्या आधी चिंध्या तोडणारा ग्राइंडर हवा. काळ्या मातीत ट्रेलरचे जॅक रुततात, खाली लोखंडी प्लेटा किंवा रेल्वेचे स्लीपर टाका.

केक 20 टक्के कोरडा धरला तर रोज सहा टनांच्या आसपास, म्हणजे दोन ट्रॅक्टर ट्रॉल्या. मागची फळी रबर लावून बंद करा, नाहीतर रस्ताभर ठिबकतो. कच्चा केक भाजीच्या रानात अजिबात द्यायचा नाही, जंतांची अंडी असतात. बगॅस (उसाचा चोथा) मिसळून ढिगात 55 अंशांवर 15 दिवस, त्यात पाच वेळा उलटापालट, तेही छपराखाली. गावात प्लेटिंगची (धातूला मुलामा देणारी) युनिट असतील तर आधी क्रोमियम, निकेल तपासा.

गाळमोज्या
दराचं राहिलं. घनमीटरवर देऊ नका, पातळ स्लज ओढून मीटर फिरवतील. कोरड्या टनावर ठरवा: केक वजनकाट्यावर, साखर कारखान्याचा काटा जवळ असेलच. त्याचा नमुना 105 अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवून टक्का काढा आणि गुणा. सेंट्रेटमधला गाळ फीडच्या 5 टक्क्यांवर गेला तर त्या पाळीचे पैसे कापायचे, हे करारातच लिहा. पॉलिमर कुणाचा, डिझेल कुणाचं, हेही त्याच कागदावर.