उलट आहे: लहान कृष्णविवर जास्त फाडतं

'कृष्णविवर जितकं मोठं, तितकं क्षितिजापाशीच जोरात फाडतं' हे विधान नेमकं उलटं आहे. (क्षितिज, म्हणजेच घटना क्षितिज: ज्याच्या आतून प्रकाशही बाहेर येऊ शकत नाही ती सीमा.) माणूस फाटतो तो नुसत्या ओढीने नव्हे, डोक्यावरच्या आणि पायांवरच्या ओढीतल्या फरकाने. हा फरक वस्तुमान भागिले अंतराचा घन, या प्रमाणात असतो. (सरळ पडणाऱ्यासाठी न्यूटनचं हे सूत्र सापेक्षतेतही तसंच टिकतं, ही गंमतच.) घटना क्षितिजाची त्रिज्या मात्र दर सौरवस्तुमानामागे (एका सूर्याइतक्या वस्तुमानामागे) सुमारे २.९५ किमी, म्हणजे सरळ पटीत वाढते. त्यामुळे विवर जितकं मोठं, तितका क्षितिजापाशी हा फरक कमी. १० सूर्यांच्या वस्तुमानाच्या, न फिरणाऱ्या विवराच्या क्षितिजापाशी २ मीटर उंचीत फरक पडतो पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २ कोटी पट. सॅजिटेरियस ए-स्टार या आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवरापाशी, साधारण ४३ लाख सूर्य धरून, पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाचा जेमतेम ९ हजारावा भाग. तिथे फाटणं क्षितिजाच्या बरंच आत.