काशीला सासूबाईंना घेऊन जातेय, कुठे जपायचं?

डोंबिवलीकरीण: सासूबाई ७४ वर्षांच्या, गुडघे दुखतात. दिवाळीनंतर चार दिवस काशी. फसवणूक, गर्दी, काय ते स्पष्ट सांगा.

नाशिककर: आधी तिकीट बघा. मुगलसराय, म्हणजे आताचं पं. दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, गंगेपलीकडे, शहरापासून बरंच लांब आहे. आम्ही रात्री अकराला तिथे उतरलो. रिक्षावाला म्हणे, "आपका होटल तो बंद हो गया." फोन लावला तर हॉटेलचा माणूस आमची वाट बघत बसलेला!

विश्वनाथाच्या मंदिरात मोबाइल नेता येत नाही. गल्लीतले दुकानदार "लॉकर फुकट" म्हणतात आणि पाचशेची पूजेची टोपली गळ्यात मारतात. दुसऱ्या दिवशी आम्ही फोन खोलीवरच ठेवले.

मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर "चितेच्या लाकडासाठी दान द्या" म्हणत कुणी मागे लागलं तर थांबू नका. मी भिडेपोटी दोनशे दिले, तर तो किलोचा भाव सांगून आणखी मागायला लागला. बायको अजून ऐकवते. फोटोही काढू नका तिथे, लोकांचं माणूस गेलेलं असतं.

डोंबिवलीकरीण: बापरे. आणि नावेचं?

सातारी: भाडं माणशी की अख्ख्या नावेचं, हे चढण्याआधी ठरवा. लाइफ जॅकेट मागून घ्या. खालच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात, सासूबाईंचा हात सोडू नका.

नाशिककर: माकडं राहिलीच! गच्चीवर चष्मा काढून ठेवू नका. माझा गेला.