घरपट्टी ऑनलाइन, चेकने की खिडकीवर?

गच्चीवाला: आईच्या नावावरच्या फ्लॅटची महापालिकेची घरपट्टी आता मी भरणार आहे. थोडी थकबाकीही दिसतेय. माझ्या खात्यातून भरली तर चालेल का? आणि पैसे कापले गेले पण पावती आलीच नाही, तर काय करायचं?

हिशेबनीस: कोणाच्याही खात्यातून चालते. पावती मात्र करनोंदीत ज्याचं नाव आहे त्याच्याच नावाने निघते, भरणारा त्यामुळे मालक होत नाही.

ऑनलाइन भरताना मालमत्ता क्रमांक बिलावरून बघून टाका, नावाने शोधू नका. एकाच सोसायटीत एकाच आडनावाची तीन-चार खाती सापडतात. नाव, विंग आणि फ्लॅट नंबर जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसऱ्याच्या खात्यात गेलेली रक्कम वळवून घेताना अर्ज, पुरावे आणि हेलपाटे.

थकबाकी आधी मिटवा. राज्यातल्या महापालिका थकीत रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती लावतात, म्हणजे वर्षाला २४. भरलेले पैसे साधारणपणे आधी जुन्या येण्यात वळते होतात. त्यामुळे फक्त चालू बिलाएवढी रक्कम टाकून ‘यंदाचं झालं’ म्हणाल, तर चालू बिल तसंच उघडं राहतं. लवकर भरण्याची सवलतही थकबाकी असताना सहसा मिळत नाही.

खिडकी_तीन: पैसे कापले, पावती नाही? लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी दुसऱ्या दिवशी पोर्टलवर खातं बघा, पुष्कळदा नोंद उशिरा चढते. यूपीआयचा व्यवहार अर्धवट राहिला असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार रक्कम ५ दिवसांत आपोआप परत यायला हवी. पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. पण रक्कम महापालिकेच्या खात्यात पोचली असेल तर बँक काही करणार नाही. तेव्हा १२ अंकी यूटीआर (बँकेचा व्यवहार क्रमांक), मालमत्ता क्रमांक, तारीख आणि रक्कम लिहून करसंकलन विभागाला ईमेल करा. दोनदा भरलेलं बहुधा पुढच्या बिलात वळतं करतात, रोख परतावा मिळवणं चिवट काम. सवलतीच्या शेवटच्या रात्री तर भरूच नका, सर्व्हर तेव्हाच मान टाकतो.

कोरा_चेक: चेकवर नाव बिलावर छापलंय तस्संच, मागे मालमत्ता क्रमांक आणि मोबाईल. मिळणारी पावती ‘चेक वटण्याच्या अधीन’ असते. न वटल्यास सवलत जाते, दंड बसतो, चेक न वटल्याच्या गुन्ह्याची, कलम १३८ ची नोटीसही येऊ शकते. रोख भरलीत तर खिडकी सोडण्यापूर्वी पावतीवरचा क्रमांक आणि कालावधी वाचा. घरी आलेल्या माणसाला छापील पावतीशिवाय एक रुपया देऊ नका.

गच्चीवाला: आभार. बिलातलं क्षेत्रफळच जास्त लागलंय असं वाटतं. हरकत घेऊन तिचा निकाल लागेपर्यंत थांबू का?

हिशेबनीस: थांबू नका, शास्ती चालूच राहील. ‘हरकत राखून’ असं पत्र देऊन भरा, त्याच्या प्रतीवर पोच घ्या. करारनामा आणि मंजूर नकाशा जोडून मोजणीचा अर्ज वेगळा करा. जास्त निघालं तर फरक वळता करून मागता येतो.

ओटीवरचा: गावाकडचं घरही असेल तर तिथे ग्रामपंचायतीकडे नमुना १० ची, म्हणजे कर भरल्याची पावती मागा. नमुना ८ हा आकारणीचा उतारा असतो, कर भरल्याचा पुरावा नव्हे.