हेडफोनमध्ये आवाज दोनदा येतो त्याबद्दल
दादा, गोंधळाची पदं गाताना हेडफोनात स्वतःचा आवाज दोनदा, दुसरा जरा मागून येतो म्हणालात. इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) बदलू नका, तो चांगला आहे. एक आवाज इंटरफेसमधून थेट येतोय, दुसरा कॉम्प्युटरला वळसा घालून. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर (माइकचा आवाज थेट हेडफोनात देणारी सोय) चालू ठेवा आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग, म्हणजे गाताना आवाज परत ऐकवणं, बंद करा. बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे जेवढे नमुने साठवून घेतो तो आकडा) १०२४ असेल तर ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८,००० नमुने) एका बफरलाच २१ मिलिसेकंद लागतात, जाऊन-येऊन दुप्पट. तेवढ्यात संबळाचा ठेका सुटतो हो!

आणि हेडफोनात घूं आवाज येतो म्हणालात, त्याचं: परभणीत आमच्याकडे लाईट जाऊन इन्व्हर्टर लागला की हेडफोनात घूं सुरू व्हायचं. लॅपटॉपचा चार्जर उपसला की एकदम गप्प. आता प्रत्येक टेक बॅटरीवरच घेतो. तुम्हीही आधी तेवढं करून बघा.