सापोल्स्कींचे बबून पटले, पण 'इच्छास्वातंत्र्य नाहीच' हे पटतं का?

खिडकीतली_चिमणी:
मेंदूशास्त्रज्ञ आणि माकडांचे अभ्यासक रॉबर्ट सापोल्स्की यांचं 'बिहेव' (२०१७) दोन महिने पुरवून पुरवून वाचलं आणि लगेच 'डिटरमाइन्ड' (२०२३) घेतलं. पहिल्यात ते एखाद्या कृतीचा माग काढत मागे मागे जातात. सेकंदभर आधी मेंदूत काय झालं, तासाभरापूर्वी कुठली संप्रेरकं रक्तात होती, बालपण कसं गेलं, पूर्वज मेंढपाळ होते का. दुसऱ्यात थेट निकाल: एवढं सगळं वजा केल्यावर 'मी ठरवलं' म्हणायला जागाच उरत नाही. मला पटलं. फेफऱ्याला युरोपात एकेकाळी चेटूक समजायचे, आज आपण गोळी देतो. गुन्ह्याकडेही तसंच पाहा, एवढंच ते सांगतात.

ताकास_तूर:
चिमणीताई, म्हणजे घर फोडणाऱ्याला 'बाबा रे, तुझा दोष नाही' म्हणून चहा पाजायचा? आमची आजी याला प्रारब्ध म्हणायची, एका शब्दात. पण क्रियमाण आपल्या हातात आहे, हेही तीच सांगायची. प्रोफेसरसाहेबांनी तेवढंही काढून घेतलं!

खिडकीतली_चिमणी:
चहा नाही हो. ब्रेक निकामी झालेली गाडी आपण रस्त्यावर सोडत नाही, पण तिला शिव्याही घालत नाही. हा त्यांचाच दाखला आहे.

अर्धा_चहा:
माझी तक्रार वेगळी आहे. भुकेल्या न्यायाधीशांचा तो इस्रायलमधला अभ्यास (२०११) ते देतात: खाऊन आल्यावर पॅरोलचे सुमारे ६५ टक्के अर्ज मंजूर, मग उतरत उतरत जवळपास शून्य. पण त्याच वर्षी आक्षेप आला की प्रकरणांचा क्रम मुळात सरमिसळ नव्हता, वकील नसलेले कैदी बहुधा शेवटी यायचे. असल्या अभ्यासावर किती भार टाकायचा?

त्यापेक्षा त्यांचं स्वतःचं काम बघा. केनियात तीसेक वर्षं बबूनांच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या माकडांच्या, मागे हिंडलेला माणूस! १९८० च्या दशकात त्यांच्या एका कळपातले भांडखोर नर शेजारच्या हद्दीत, पर्यटकांच्या लॉजच्या उकिरड्यावर हाणामारी करून खायला जायचे. तिथल्या क्षयबाधित मांसानं ते मेले. उरले मवाळ नर आणि माद्या. दहाएक वर्षांनी ते मवाळ नरही राहिले नव्हते, सगळे बाहेरून आलेले, तरी कळप शांतच! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेले भांडखोर आणि खोड गेली अख्ख्या कळपाची.

ताकास_तूर:
बघा, म्हणजे सुधारता येतं!

खिडकीतली_चिमणी:
सुधारले, पण ठरवून कुठे? उकिरड्यामुळे.

अर्धा_चहा:
पहिल्यांदा उकिरड्यामुळे, मान्य. पण नंतर आलेल्यांनी कुठलं मांस खाल्लं होतं? त्यांना तिथल्या माद्या लवकर जवळ करायच्या, अंगातल्या उवा वेचायच्या. विनाकारण मार बसत नव्हता. वळण लागलं ते असं. ही बाहेरून पडलेली कारणंच आहेत, हे कबूल. पण ती आपणही घडवू शकतो, आणि मला पुस्तकात हेच ठळक हवं होतं.

ताकास_तूर:
हे उकिरड्याचं प्रकरण कुठल्या पुस्तकात आहे? आठशे पानांचं नको.

अर्धा_चहा:
'अ प्रायमेट्स मेमॉयर', २००१. क्षयाचा भाग अगदी शेवटी आहे, रात्री एकट्यानं वाचू नका.