मदत हवी आहे: जुन्या लष्करी हॅवरसॅकच्या बकलांवरचा हिरवा थर

पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. त्यांची १९३७ पॅटर्नची (ब्रिटिश लष्कराच्या त्या सालच्या नमुन्याची) हॅवरसॅक घरी आहे. शिधा, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली ठेवायची ती जाड सुती पिशवी. वीण अजून भक्कम, पण पितळी बकलांवरचा हिरवा थर आता कापडात उतरू लागलाय. मऊ कोरड्या ब्रशने धूळ निघाली, थर हलला नाही. पाणी लावलेलं नाही. झाकणाच्या आत शाईने लिहिलेला त्यांचा क्रमांक पसरेल आणि तोच मला सगळ्यात मोलाचा आहे. चिंच, लिंबू, ब्रासो नको, कापड खराब होईल. बकलं शिवलेली आहेत, उसवायची नाहीत. पिशवी विकायची नाही. राहणं रत्नागिरीत, हवा दमट. बकलं जागेवर ठेवूनच थर कसा काढावा, आणि पावसाळ्यात पिशवी कशात गुंडाळून ठेवावी?