मदत हवी आहे : खचलेल्या भावासोबत प्रार्थना कशी करावी?

प्रभूमध्ये सर्वांना नमस्कार. धाकट्या भावाची नोकरी गेली, त्यातच भावजयीचं आजारपण. रोज प्रार्थनेला बसणारा माणूस, आता बायबल उघडतो, बोट ओळीवर ठेवतो आणि तसाच बसून राहतो. कुणीतरी त्याला “तुझा विश्वास कमी पडला” म्हणालं. ते त्याला फार लागलंय, आणि मलाही ते पटत नाही. बायबलमधल्या ईयोबावर संकटं आली तेव्हा त्याचे मित्रही असंच बोलले होते आणि देवाने त्यांनाच दोष दिला!

परवा त्याला स्तोत्र 13 वाचून दाखवलं. “किती काळ?” असं देवालाच विचारणारं, तरी शेवटी गाण्याकडे वळणारं. तो म्हणाला, “मी अजून शेवटापर्यंत पोचलो नाही, ताई.” मग स्तोत्र 88 काढलं. ते तर अंधारातच संपतं. ते मात्र त्याने पुन्हा वाचायला लावलं.

आता पुढे काय वाचू? विलापगीताचा (बायबलमधलं शोकाचं पुस्तक) 3 रा अध्याय, जो दुःखातून आशेकडे वळतो, तो आत्ताच घ्यावा की थोडं थांबावं? बायबलमधल्या रोमकरांस पत्रातल्या 8:26 प्रमाणे शब्द नसतानाही पवित्र आत्मा आपल्यासाठी विनंती करतो, मग नुसतं शेजारी गप्प बसणं पुरेल का? अशा काळातून गेलेल्यांनी कृपया सांगा, तुम्हाला तेव्हा कशाने धीर आला?